सहल ठरवताना तिथी पाहा

सातारा, सांगली जिल्ह्यांतील शाळांच्या सहली कोकणात उतरल्या की रत्नागिरीला झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र जरूर पाहावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र. तेथील मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा पाहून मुले हरखून जातात. पण काचेपलीकडचे जीव मूळ जागी कसे जगतात, हे पाहायचे तर खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीलाच जायला हवे. भरतीच्या वेळी पोचलो, तर नुसत्या लाटा पाहून परतावे लागते.

ही वेळ आपल्याला वर्गातच काढता येते. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी ६ ला भरती आणि सव्वाबाराला ओहोटी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज जवळजवळ तितकीच पुढे सरकते. हिशेबात ४५ मिनिटे धरली आहेत; तेव्हा उत्तर अंदाजी समजावे आणि भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहावे.

मग अष्टमीची दुपारच सोयीची नाही का? नाही. त्या दिवशी सूर्य व चंद्र यांची ओढ एकमेकींशी काटकोनात असते. ती भांगाची भरती. पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही ओढी एका रेषेत येतात, तेव्हा उधाण येते आणि ओहोटीला पाणी खूप खाली जाते. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम. द्वितीयेला ओहोटी पावणेआठच्या सुमारास येते. अर्थात आदल्या रात्री मुक्काम हवा.

आता खडकावर पट्टे दिसतील. सर्वांत वर इवल्या गोगलगायी शंखाचे झाकण मिटून तासन्‌तास पाण्याविना राहतात. त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेली कालवे. अगदी खाली, जेथे खडक थोडाच वेळ उघडा पडतो, तेथे शेवाळ आणि समुद्रफुले. कोण किती वेळ कोरडे राहू शकतो, यावर ही उतरंड ठरते.

दगड उलटून पाहिला, तर पुन्हा तसाच ठेवावा. खालचे ओलाव्यातले जीव उन्हात मरतात. रिकामा वाटणारा शंखही उचलून आणू नये. मऊ पोटाच्या शंखवासी खेकड्याचे तेच घर असते. पाणी वळण्यापूर्वी मुलांना मागे घ्यावे.

पुढच्या महिन्यातील सोयीच्या तारखा मुलांनाच दिनदर्शिकेवरून काढू द्या. सहलीचा अभ्यास तेथूनच सुरू होईल.