ठिपक्याची उलटतपासणी

नागपूर महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळ बांधले, त्याला आता काही वर्षे झाली. चंदीगडनेही तोच मार्ग धरला. घड्याळ नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, यावर हजेरी ठरू लागली आणि हजेरीवर पगार. खासगी नोकरीत वेगळ्या घड्याळाची गरजही उरली नाही. औषध कंपनीचा प्रतिनिधी, कर्जवसुलीवाला, घरोघरी पार्सल पोचवणारा, यांच्या खिशातला फोनच ते काम करतो. मग एके दिवशी हातात 'कारणे दाखवा' नोटीस पडते : अमुक तारखेला, अमुक वाजता आपण कामाच्या ठिकाणी नव्हता. सोबत नकाशाचे चित्र आणि त्यावर एक लाल ठिपका.

तो ठिपका पाहिला की माणूस गप्प होतो. चौकशी अधिकारी तर गप्प होतोच, पण पुष्कळदा स्वतः कामगारही. यंत्र खोटे कशाला बोलेल? पूर्वी हजेरी मुकादमाच्या हाती असे. मुकादम लबाड असू शकतो, पैसे खाऊ शकतो, एखाद्यावर डूख धरून असू शकतो. जुनी पद्धत काही रामराज्य नव्हती. पण चौकशीत त्याला समोर बसवून विचारता येई : तुम्ही स्वतः त्या दिवशी किती वाजता आलात? कुठून पाहिलेत? ठिपक्याला असे विचारण्याची रीत अजून आपल्याकडे रुळलेली नाही. ती रुळायला हवी, आणि त्यासाठी ठिपका तयार कसा होतो हे आधी समजून घ्यावे लागते.

फोनला आपण कुठे आहोत हे 'ठाऊक' नसते; तो ते हिशेबाने काढतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान ४ उपग्रहांचे संदेश येऊन पोचायला किती वेळ लागला, यावरून तो अंतरे मोजतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे वेळेत एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो. उंच इमारतींच्या गल्लीत संदेश भिंतीवर आपटून, लांबच्या वाटेने येतो आणि ठिपका रस्त्यापलीकडे उडी मारतो. तळघरात, रुग्णालयाच्या आतल्या वॉर्डात, पत्र्याच्या गोदामात उपग्रह दिसतच नाही. मग फोन आसपासच्या वायफायवर आणि मोबाइल टॉवरवर भिस्त ठेवतो. नुसता टॉवर हाती असेल तर चूक शेकडो मीटरची, आणि गावाकडे काही किलोमीटरचीही होते.

गंमत अशी, की फोन ही शंका लपवत नाही. प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश आणि वेळ यांच्याबरोबर आणखी एक आकडा असू शकतो : अचूकता, मीटरमध्ये. अँड्रॉइडच्या तांत्रिक व्याख्येप्रमाणे तो एका वर्तुळाची त्रिज्या असतो आणि माणूस खरोखर त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के मानलेली असते. म्हणजे ढोबळमानाने तीनांतला एक जण वर्तुळाच्याही बाहेर. समजा, मालकाने दवाखान्याभोवती १०० मीटरची हद्द आखली आहे. नोंद सांगते की प्रतिनिधी दवाखान्यापासून १४० मीटरवर होता आणि अचूकतेचा आकडा आहे २००. तर ती नोंद दवाखान्यात असलेल्या माणसाशीही तितकीच जुळते. पण नकाशाचे चित्र काढताना वर्तुळ गळते आणि ठिपका उरतो. नोटिशीला जोडले जाते ते हे चित्र.

दुसरी गोष्ट वेळेची. संगणकीय नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. मूळ नोंदीत १३:१० लिहिले असेल आणि कोणी ते तसेच दुपारचे एक दहा म्हणून वाचले, तर प्रत्यक्षात ती संध्याकाळी ६:४० ची नोंद असते. साहेब ज्याला भर कामाच्या वेळी घरी पकडतात, तो सुटी होऊन घरी चहा पीत असतो.

असे घोळ सरकारी यंत्रणांतही होतात. डेन्मार्कमध्ये २०१९ साली उघड झाले की दूरसंचार कंपन्यांकडून आलेली फोनच्या ठिकाणांची माहिती पोलिसांच्या संगणकप्रणालीत रूपांतरित होताना काही नोंदी गळत होत्या. काही फोन भलत्याच टॉवरशी जोडलेले दिसत होते. तिथल्या सरकारी अभियोक्त्यांनी असा पुरावा वापरणे दोन महिने थांबवले, २०१२ पासूनची दहा हजारांहून अधिक प्रकरणे तपासायला घेतली आणि कोठडीतल्या ३२ जणांना सोडले. तिथे निदान न्यायालय होते, वकील होते. आपल्या कामगाराची गाठ असते मालकाच्याच खोलीत बसलेल्या चौकशी अधिकाऱ्याशी.

कायदा इथे काय म्हणतो? इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचा आपल्याकडचा महत्त्वाचा निवाडा आपल्या जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण समोर नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हे प्रमाणपत्र आता दोन भागांचे केले आहे, एक पुरावा देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा.

मात्र हा नियम न्यायालयाचा. कारखान्यातल्या किंवा कचेरीतल्या चौकशीला साक्षीपुराव्याचा कायदा काटेकोर लागू होत नाही. हरियाणातल्या एका बस वाहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटले, की विनातिकीट प्रवाशांची जबानी घेतली नाही म्हणून चौकशी रद्द होत नाही. थोडाफार विश्वसनीय पुरावा पुरतो. म्हणून 'प्रमाणपत्र नाही, सबब नोटीस रद्द' एवढ्यावर विसंबणारा कामगार फसतो.

त्याच्या हाती उरतो तो नैसर्गिक न्याय, आणि तो अगदीच लुळा नाही. मीनग्लास चहामळ्याच्या प्रकरणात (१९६३) न्यायालयाने साक्षीदारांच्या उलटतपासणीची संधी मूलभूत मानली. रूपसिंग नेगी प्रकरणात (२००९) म्हटले, की कागद नुसता पुढे ठेवल्याने सिद्ध होत नाही, त्यातला मजकूर साक्षीने शाबीत करावा लागतो. तेव्हा नोटिशीच्या उत्तरातच लेखी मागणी करावी : चित्र नको, त्या दिवसाच्या सर्व मूळ नोंदी द्या, अचूकतेच्या रकान्यासकट. वेळ कुठल्या प्रमाणातली आहे ते सांगा. नोंद उपग्रहावरून आली की टॉवरवरून? मधल्या तासाभरात नोंदच नसेल तर ॲपने ती जागा कशी भरली? आणि हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस साक्षीला बसवा. मागणी नाकारली गेली तरी तो नकार पुढे कामगार न्यायालयात उपयोगी पडतो.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून मात्र फार आशा ठेवू नये. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला तो संमतीची अट घालत नाही, आणि आपली माहिती पाहण्याचा त्यातला हक्क संमतीशी बांधलेला आहे. खिडकी एकच : माणसाबद्दल निर्णय ज्या माहितीवर घ्यायचा, ती पूर्ण आणि अचूक ठेवण्याची जबाबदारी कलम ८ माहिती वापरणाऱ्यावर टाकते. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. खिडकी कितपत उघडेल ते तेव्हा कळेल.

कामाच्या वेळेबाहेरच्या नोंदींना वेगळी हरकत घ्यावी. न्यूयॉर्क राज्याच्या श्रम खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या खासगी गाडीला सरकारनेच यंत्र लावले होते. त्याच्या संध्याकाळी, शनिवार-रविवार, रजेचे दिवससुद्धा टिपले गेले. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ही पाळत अवाजवी ठरवली, माणूस कामचुकार होता की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून. तो निवाडा आपल्याकडे बंधनकारक नाही. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने म्हटल्यानंतर, निदान सरकारी आणि पालिकेच्या नोकरीत, हा मुद्दा मांडायला जागा आहे.

उलट पुरावाही जमवावा : डॉक्टरच्या भेटीचा शिक्का, चहाच्या टपरीवर केलेले यूपीआयचे पैसे, पार्सल दिल्याची सही. स्वतःच्या फोनमधली टाइमलाइन देताना जपून. एक दुपार सिद्ध करायला गेलात तर महिना मालकापुढे उघडा पडतो, म्हणून वादातल्या तासांपुरतीच द्यावी. गूगलने २०२४ पासून ही टाइमलाइन सर्व्हरवरून फोनमध्ये हलवायला घेतली. राखीव प्रत ठेवली नसेल तर फोनबरोबर तीही जाते. तेव्हा नोटीस आल्यावर चौकशी संपेपर्यंत फोन बदलू नये, विकू नये, आणि नोकरीवरून काढताना कंपनीचा फोन परत मागितला तर त्याआधी त्यातल्या आपल्या नोंदींची प्रत मागून तशी पोच लिहून घ्यावी.