बोस्निया-हर्झेगोव्हिना : संस्कृतिसंगम आणि पर्यटन

बाल्कन द्वीपकल्पातील बोस्निया-हर्झेगोव्हिना हा देश संस्कृतिसंगमाचे उत्तम उदाहरण होय. राजधानी सारायेव्होच्या जुन्या भागात मशीद, ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथलिक कॅथेड्रल व ज्यूंचे सिनेगॉग पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. तेथून लोहमार्ग डोंगर उतरून नेरेत्वा नदीच्या हिरव्या खोऱ्यातून मोस्तारला पोहोचतो. 'मोस्तारी' म्हणजे पुलाचे रखवालदार. त्यांच्यावरूनच या शहरास नाव मिळाले. इ.स. १५६६ मध्ये मिमार हैरुद्दीन या वास्तुकाराने पूर्ण केलेला येथील एककमानी दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धकाळात तोफांच्या माऱ्याने कोसळला. स्थानिक 'तेनेलिया' दगड वापरून तो पुन्हा उभारण्यात आला व २००४ मध्ये खुला झाला. २००५ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

तथापि पूल सांधला म्हणजे मने सांधली असे नव्हे. देशाच्या काही भागांत आजही बोस्नियाक व क्रोएट मुले एकाच इमारतीत वेगवेगळा अभ्यासक्रम शिकतात. म्हणूनच निसर्ग व वास्तुसौंदर्याबरोबर ही अपुरी राहिलेली सांधणीही पर्यटकाने समजून घेणे अगत्याचे ठरते.