एका किल्ल्याची मुलूखगिरी

वैशाखातल्या दुपारी, लक्ष्मीभुवन चौकातले कुत्रेसुद्धा सावली सोडून हलत नाही आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर ओतलेले पाणी बघता बघता उडून जाते अशा वेळी, धरमपेठेतल्या आमच्या घरची चार मुले बैठकीच्या गार फरशीवर पालथी पडून एका जपानी सरदाराच्या किल्ल्यावर स्वारी करीत असत. ही हकीकत पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. वाहिनी 'पोगो', कार्यक्रम 'ताकेशीज कॅसल'. स्वारी बहुधा फसे. गढूळ पाण्यात ओळीने मांडलेले दगड, त्यांतले काही पक्के बसवलेले, काही नुसते तरंगणारे, दिसायला मात्र सगळे सारखे. डोक्यावर शिरस्त्राण घातलेला एखादा गृहस्थ चार दगड बेधडक ओलांडी, पाचवा पायाखालून बुडे, आणि सहाव्यावर हनुवटी आपटून तो दिसेनासा होई.

"काहून पडला बे?" धाकटा विचारी.

"दगड ढिला होता ना!" थोरला अधिकारवाणीने सांगे.

सीताबर्डीचा किल्ला घरापासून पायी जाण्याजोगा. १८१७ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांपुढे पाडाव झाला तो तिथेच. परंतु तो लष्कराच्या ताब्यात असून वर्षातल्या ठरावीक दिवशीच लोकांना उघडा होतो, तेव्हा आमच्या मुलांना योकोहामाचा किल्ला अधिक परिचयाचा होता याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

योकोहामातील मिदोरियामा येथे, टीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेच्या आवारात, हा किल्ला उभारला गेला आणि मे १९८६ मध्ये त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. किल्लेदार ताकेशी कितानो, मूळचा 'टू बीट' या जोडीतला विनोदी नट. १९९७ साली 'हाना-बी' या चित्रपटासाठी व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळवणारा दिग्दर्शक तो हाच, हे आमच्या मुलांना सांगितले तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. हयातो तानी या नटाच्या सेनापतित्वाखाली शंभरांहून अधिक सामान्य नागरिक चढाई करीत, बहुतेक वाटेतच गारद होत, आणि उरलेले मूठभर लोक छोट्या गाड्यांत बसून पाण्याच्या पिचकाऱ्यांनी किल्लेदाराच्या गाडीवरची कागदी चकती फोडू पाहत. बक्षीस दहा लाख येन. ते क्वचितच कुणाच्या हाती लागे.

त्या पहिल्याच वर्षी, डिसेंबरात, खुद्द ताकेशी आपल्या शिष्यांसह टोकियोतील एका साप्ताहिकाच्या कचेरीत शिरून मारामारी करून बसला, आणि त्यापायी त्याला काही महिने पडद्यापासून दूर राहावे लागले. किल्ल्यावर त्याच्या जागी त्याच्याच चेहऱ्याचा प्रचंड कागदी मुखवटा चढवून दुसरा मनुष्य बसवण्यात आला आणि खेळ बिनदिक्कत चालू राहिला. किल्लेदार बदलला तरी किल्ला चालतो, याचा हा पहिला दाखला मूळ मुलखातच मिळाला होता.

पुढची मुलूखगिरी याच न्यायाने झाली. तासाभराच्या भागांतील जपानी संभाषण उतरवून टाकायचे, कापून अर्ध्या तासाचे करायचे आणि वर आपला निवेदक बसवायचा, असा शिरस्ता पडला. हे साधले याचे कारण खेळाच्या घडणीतच आहे: एक मनुष्य येतो, पडतो, संपतो, पुढच्याचा मागच्याशी काही संबंध नसतो, दफ्तरातल्या सुट्या कागदांप्रमाणे क्रम बदला, गाळा, पुन्हा लावा, कुणाच्या लक्षात येत नाही. स्पेनने त्याला 'पिवळा विनोद' अशा अर्थाचे नाव दिले, ज्यातली हीन अभिरुची आज कुणालाही खटकावी. इंग्लंडमध्ये क्रेग चार्ल्स यांचा आवाज गाजला. अमेरिकेत २००३ पासून 'एमएक्ससी' या नावाने तर सबंध प्रसंगच नव्याने रचण्यात आला: निवेदकांना खोटी नावे, स्पर्धकांना खोटे व्यवसाय, आणि मुळात नसलेले दोन प्रतिस्पर्धी संघ. इंडोनेशिया आणि थायलंड येथे किल्लेच नव्याने बांधले गेले. थायलंडच्या किल्ल्यावर पुन्हा इंग्रजांनी जोनाथन रॉस यांचा आवाज चढवला, म्हणजे नकलेचीही नक्कल झाली.

आपल्याकडे ही सनद जावेद जाफरी यांच्याकडे आली. त्यांच्या हिंदी निवेदनाचा मूळ जपानी बोलण्याशी नावापुरताही संबंध नव्हता, आणि नव्हता हेच उत्तम. पडणाऱ्याला ते क्षणात नाव, गाव आणि स्वभाव बहाल करीत, तो पाण्यात पडेपर्यंत त्याच्याशी आपली सोयरीक जुळलेली असे. मराठी माणसाला हा प्रकार परका वाटू नये. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, पुलंनी 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीची मंजुळा केली. भाषांतर वेगळे आणि रूपांतर वेगळे, हे आपल्या रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जाफरींनी केले ते रूपांतर, तेही चित्रातली एक रेघ न बदलता, केवळ कंठाच्या बळावर.

२०२३ साली अमेझॉनने जपानमध्ये नवा किल्ला बांधला, आणि भारतासाठी निवेदक नेमला भुवन बाम: जन्म बडोद्याचा, कुटुंब मराठी, वास्तव्य दिल्लीचे. आपल्या प्रसिद्ध 'टीटू मामा'च्या अवतारात तो दिल्लीच्या गल्लीतले हिंदी बोलतो आणि झकास बोलतो. किल्ला मात्र मला जरा जास्तच चकचकीत वाटला. जुन्या चित्रातला चिखल खरा होता.

मागच्या दिवाळीत थोरला पुण्याहून आला होता. त्याने हा नवा किल्ला लावला, पाच मिनिटांत आवाज बंद केला आणि आपल्या लेकीसाठी स्वतःच बोलू लागला, अस्सल नागपुरी बोलीत, "अबे थांब ना बाप्पा, कायले पळून राह्यला!" आमच्या सूनबाई हसून हसून खुर्चीवरून खाली आल्या. मराठी वाहिन्यांच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी जुन्या किल्ल्याचे हक्क घ्यावेत, आणि निवेदक शोधायला एकदा विदर्भात यावे.