कामाची जागा आणि मनाचे स्वास्थ्य

बायकांनी घराबाहेर काम करणे आपल्या खेड्यांना नवे नाही. लावणी-खुरपणीला, ऊसतोडीला त्या पहिल्यापासून आहेतच. आता शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीतही त्या पुरुषांच्या बरोबरीने बसतात. पण शेजारी शेजारी खुर्च्या मांडल्या म्हणजे झालं का? जिथे जाताना रोज पोटात गोळा उठतो, तिथे कामात मन कसे लागावे?

यासाठी जो कायदा झाला, त्याच्या मुळाशीही एक खेडेच आहे. राजस्थानातील भटेरीच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत ‘साथिन’ होत्या. बालविवाह थांबवणे हे त्यांचे काम. त्याचा राग धरून आपल्यावर सामूहिक अत्याचार झाला, अशी फिर्याद त्यांनी १९९२ साली दिली. १९९५ साली कनिष्ठ न्यायालयात आरोपी सुटले. पण या प्रकरणामुळे महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९७ साली ‘विशाखा’ निकाल लागला. पुढे २०१३ साली कायदा आला.

तो काय सांगतो? दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सभासद स्त्रिया, आणि एक सभासद बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यावी. योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घेण्यास मदत करायची. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, नावे गुप्त ठेवायची.

आपण म्हणाल, “आमच्याकडे चारच मजूर, आमचं काय?” त्यांच्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते. तालुक्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज दिला, तर त्याने तो सात दिवसांत समितीकडे पाठवायचा असतो.

या कायद्याने तक्रारीचा हक्क स्त्रीला दिला आहे. पण त्याचा लाभ एकट्या तिचाच नाही. एकीचा अपमान सर्वांनी मुकाट्याने पाहायचा, अशा जागी पुरुषालाही मोकळे वाटत नाही. चांगली माणसे तिथून निघून जातात, आणि उरलेली मान खाली घालून दिवस ढकलतात.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, समिती नेमल्याचा आदेश सर्वांना दिसेल असा लावणे बंधनकारक आहे. आपल्या शाळेच्या भिंतीवर तो आहे का, उद्या जरूर पाहा. नसेल, तर मुख्याध्यापकांना विचारा. आणि विचारण्याचे हे काम एकट्या बाईंवर सोडू नका.