पडू नये म्हणून बसवून ठेवू नका!

रामेश्वरच्या यात्रेला गेलेल्या अनेक मराठी मंडळींना चेन्नईचे एग्मोर स्थानक ठाऊक असते. १९०८ साली सुरू झालेल्या या स्थानकापासून थोड्याच अंतरावर, सेंट्रल स्थानकासमोर, शहराचे मोठे सरकारी जनरल रुग्णालय आहे. वृद्धांच्या आजारांचा आपल्या देशात स्वतंत्र विचार सुरू झाला तो इथे. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये या रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९८८ मध्ये वॉर्ड झाला आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम आला. २०१२ मध्ये डॉ. नटराजन यांना पद्मश्री मिळाली.

या शास्त्राने शिकवलेली एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. म्हातारपणी माणूस पडतो ते केवळ वय झाले म्हणून नव्हे. पडण्यामागे कारण असते आणि बहुतेक वेळा त्यावर इलाजही असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यात साठीच्या पुढची माणसे सर्वाधिक. वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात राहणाऱ्यांपैकी तर ३० ते ५० टक्के वृद्ध वर्षातून एकदा तरी पडतात. तिथे येणारी माणसे मुळातच अशक्त असतात, आणि जागाही नवी असते. घरी अंधारातसुद्धा मोरीची वाट पायांना पाठ असते. इथे ती नव्याने शिकावी लागते.

कारणे कोणती?

रात्री लघवीला उठण्याची घाई हे मोठे कारण. अंथरुणातून एकदम उभे राहिले, की काहींचा रक्तदाब झटकन उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी उठून बसावे, पाय खाली सोडावेत, थोडे थांबावे आणि मगच उभे राहावे. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरे कारण औषधे. झोपेच्या, मन शांत करणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोल जातो. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. मात्र आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये.

तिसरे कारण डोळे आणि पाय. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. दोन भिंगांच्या चष्म्यातून जिन्याची पायरी अंधूक दिसते, हेही ध्यानात ठेवावे. सैल सपातांऐवजी टाचेला पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल द्यावी. साडीचा काठ किंवा धोतर पायांत येणार नाही, इतके वर असावे.

बसवून ठेवणे हा उपाय नव्हे

"आजी, उठू नका हं, पडाल!" हे आपण मायेनेच म्हणतो. पण दिवसभर बसून मांड्यांची ताकद जाते आणि पडण्याची भीती उलट वाढते. खुर्चीला किंवा पलंगाला बांधून ठेवल्याने पडणे टळते असे आढळलेले नाही; सुटण्याच्या धडपडीत इजा मात्र होते. त्यापेक्षा कुणीतरी जवळ उभे राहून खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव रोज करून घ्यावा. तोल सावरण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत.

वृद्धाश्रम निवडताना

बाग, देऊळ आणि जेवण आपण पाहतोच. त्याबरोबर हेही पाहा:

• न्हाणीघराची फरशी कोरडी व न घसरणारी आहे का? कमोडजवळ भिंतीत पक्का बसवलेला दांडा आहे का? टॉवेलचा दांडा आधाराला पुरत नाही.

• पलंगावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का?

• रात्री पलंगापासून शौचालयापर्यंत दिवा असतो का? घंटा वाजवली, तर कोण येते आणि किती वेळात?

• कुणी पडले तर नोंद ठेवून कारण शोधतात का? एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा संभव अधिक असतो.

पडलेच तर?

घाईने उचलू नका. आधी विचारपूस करा. एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी आणि न हलवता रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार बसला असेल, तर माणूस ठीक दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. वृद्धाश्रमाची चौकशी करायची असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

पडल्याचे आईवडील पुष्कळदा लपवतात. मुले रागावतील, फिरणे बंद करतील, असे त्यांना वाटते. म्हणून पुढच्या भेटीत "पडला नाहीत ना?" असे दटावून विचारू नका. "चालताना कुठे अडखळायला होतं?" असे विचारा. उत्तर मिळेल आणि त्यावर काही करताही येईल.