दोरी फक्त ओढते

गॅलरीत दोन खिळ्यांना बांधलेली कपड्यांची दोरी. तिच्या बरोबर मधोमध हँगरला ओली जीन्स अडकवली, वजन समजा 2 किलो. दोरी मध्ये झुकते, तिचे दोन तिरके भाग होतात. आता सांगा, दोरी हँगरला कुठल्या दिशेला ओढते? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे 'वर'. पण सरळ वर तर दोरी नाहीच!

दोरीला बाजूने दाबलं की ती वाकते, ढकललं की गोळा होते. जोर लावायला तिच्याकडे एकच वाट असते, स्वतःच्या लांबीची. ताणली की तिच्या धाग्यांतले रेणू किंचित लांब सरतात आणि पुन्हा जवळ यायला धडपडतात. ही ओढ म्हणजेच ताण. म्हणून ताणाचा बाण नेहमी दोरीच्या रेषेतच असतो, वस्तूपासून दूर जाणारा. गंमत अशी, की तीच दोरी हँगरला खिळ्याकडे ओढते आणि खिळ्याला हँगरकडे. तेव्हा आकृती काढताना आधी ठरवायचं, आपण कोणावरचं बल दाखवतोय? हे ठरलं की दिशेचा घोळ उरत नाही.

आता खरं नवल पाहा. दोन्ही भागांच्या आडव्या ओढी एकमेकींना रद्द करतात. जीन्स पेलते ती फक्त उभ्या दिशेची ओढ. दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक भागात 2 किलो वजनाएवढा ताण असतो. कोन 5 अंशांवर आणला, तर तो साडेअकरा किलोंच्या आसपास जातो. आणि 1 अंशावर? तब्बल 57 किलो! जीन्स तीच, पण खिळा उपटून निघेल.

दोरी पूर्ण आडवी झाली, तर उभ्या दिशेला तिची ओढ शून्य. मग ताण कितीही वाढवा, साधा रुमालही पेलणार नाही. म्हणजे मधोमध वजन लटकलेली आडवी दोरी तंतोतंत सरळ राहूच शकत नाही, मग ती पोलादाची का असेना. विजेच्या मनोऱ्यांमधल्या तारांना झोळ ठेवतात, तो याच हिशेबाने. थंडीत तार आखडते, झोळ कमी होतो आणि ताण वाढतो. तेवढी सवड आधीच ठेवावी लागते. कोट्यवधी घरांची वीज वाहणाऱ्या तारांनाही गॅलरीतल्या दोरीचाच नियम पाळावा लागतो.