लाल शाईची वही

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा निबंध मी लाल शाईने नुसता रंगवून दिला. 'भाकरी करपलं', 'पाऊस आलं' असली वाक्यं पानोपानी होती. त्यानंतर महिनाभर तिने वहीच दिली नाही. चूक माझी होती.

तिच्या घरी कन्नड. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. भाकरी 'ती' आणि पाऊस 'तो', हे तिने कुठून ओळखावं? म्हणजे तिचं चुकणंही नियमाला धरूनच होतं! (आपल्याला तरी कन्नडमधला ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' कुठे वेगळा काढता येतो? माझी अजून फजिती होते.)

मग मी वही मागून घेतली. लिंगाच्या चुका तेवढ्या पेन्सिलीने दाखवल्या, ऱ्हस्व-दीर्घाला हात लावला नाही. खाली विचारलं, 'करपलेली भाकरी आजीने कुणाला वाढली?' आठवड्याने दोन पानं आली. आजीने ती आपल्याच ताटात घेतली होती. 'वर्गात वाचशील?' म्हटलं, तर आधी नको म्हणाली, मग उठली. वाचताना 'करपलं'पाशी अडखळली, स्वतःच 'करपली' म्हणाली आणि पुढे वाचत गेली.